अठरा विजय आणि एक पराभव : बलाढ्य अमेरिकन फुटबॉल संघ प्लेऑफमध्ये का हरतात?

२००७ च्या हंगामात न्यू इंग्लंड पेट्रियट्सने नियमित हंगामातील सोळाच्या सोळा सामने जिंकले. त्यांनी ५८९ गुण केले, जो एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगचा त्या वेळचा विक्रम होता. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीने टचडाऊनचे ५० पास दिले आणि त्यांपैकी २३ एकट्या रँडी मॉसने झेलले. प्लेऑफचे दोन सामने जिंकून हा संघ १८-० अशा स्थितीत सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, उतरला. समोर न्यू यॉर्क जायंट्स होते, ज्यांनी हंगामात दहा सामने जिंकले होते आणि सहा गमावले होते. ३ फेब्रुवारी २००८ रोजी ॲरिझोनातील ग्लेंडेल येथे जायंट्सने तो सामना १७-१४ असा जिंकला.

हा निकाल सर्वांत प्रसिद्ध असला तरी एकटा नाही. १९९८ चे मिनेसोटा वायकिंग्ज आणि २०११ चे ग्रीन बे पॅकर्स नियमित हंगामात १५-१ होते, २०१९ चे बाल्टिमोर रेव्हन्स १४-२ होते आणि २०२४ चे डेट्रॉइट लायन्स १५-२ होते. हे चारही संघ सुपर बोलपर्यंत पोहोचलेसुद्धा नाहीत. अशा प्रत्येक पराभवानंतर ‘मोठ्या सामन्यात दडपणाखाली ढेपाळले’ हेच वाक्य ऐकू येते, आणि माझ्या मते या पराभवांचे सर्वांत कमी उपयोगाचे स्पष्टीकरण तेच आहे. खरी कारणे स्पर्धेच्या आराखड्यात, या खेळाच्या घडणीत आणि एखाद्या प्रतिस्पर्ध्याने हेरलेल्या नेमक्या दुबळ्या जागेत सापडतात.

खेळाची जुजबी ओळख येथे आवश्यक आहे. मैदान शंभर यार्डांचे असते आणि प्रत्येक बाजूने अकरा खेळाडू उतरतात. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, ज्यांना ‘डाऊन’ म्हणतात. दहा यार्ड पूर्ण झाले की नवे चार डाऊन मिळतात, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊनचे सहा गुण मिळतात, आणि दोन खांबांमधून लाथेने पार केला की फील्ड गोलचे तीन. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. तो चेंडू फेकतो, धावणाऱ्या सहकाऱ्याच्या हाती देतो किंवा स्वतः घेऊन धावतो. पास फेकण्याआधीच त्याला मागच्या मागे पाडले तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याने पास झेलला तर ते ‘इंटरसेप्शन’, आणि हातातला चेंडू निसटला तर तो ‘फंबल’. या दोन्ही मार्गांनी चेंडू गमावणे म्हणजे ‘टर्नओव्हर’, आणि प्लेऑफच्या पराभवांच्या कहाण्यांत हा शब्द वारंवार येतो.

आता स्पर्धेचा आराखडा पाहू. एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि ते एएफसी व एनएफसी अशा दोन गटांत समान विभागलेले आहेत. २०२१ पासून प्रत्येक संघ नियमित हंगामात १७ सामने खेळतो. प्रत्येक गटातून सात संघ प्लेऑफमध्ये जातात, त्यांतील पहिल्या मानांकनाच्या संघाला पहिल्या फेरीत विश्रांती मिळते, आणि तेथून पुढे प्रत्येक फेरी एकाच सामन्याची असते. हरलेला संघ त्याच रात्री स्पर्धेबाहेर पडतो. आपल्याकडे आयपीएलमध्ये गुणतक्त्यातील पहिल्या दोन संघांसाठी मुद्दाम वेगळी सोय केलेली आहे. त्यांच्यातील सामना हरलेल्या संघाला अंतिम फेरी गाठण्याची आणखी एक संधी मिळते. एनएफएलमध्ये अव्वल संघाला एक आठवड्याची विश्रांती आणि घरचे मैदान एवढेच मिळते, दुसरी संधी मिळत नाही.

या आराखड्याचा परिणाम आकड्यांत मांडला की थोडे चकित व्हायला होते. समजा, एखादा संघ इतका सरस आहे की नियमित हंगामातील कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता सरासरी ८५ टक्के आहे. सतरा सामन्यांत असा संघ साधारण चौदा-साडेचौदा विजय मिळवील, म्हणजे त्या वर्षीचा तो सर्वोत्तम किंवा त्याच्या जवळपासचा संघ ठरेल. प्लेऑफमध्ये मात्र दुबळे प्रतिस्पर्धी गळून गेलेले असतात, त्यामुळे तेथे हीच शक्यता ७० टक्क्यांवर येते असे धरू. विश्रांतीमुळे त्याला तीनच सामने जिंकायचे आहेत. तरीही ०.७ चा तीनदा गुणाकार केला की उत्तर ०.३४३ येते. निर्विवाद वर्चस्व असलेला हा संघ तीनपैकी जवळजवळ दोन वेळा विजेतेपदाविना घरी जाईल, आणि त्यासाठी त्याने काही विशेष चूक करण्याचीही गरज नाही.

येथे दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते. चौदा संघांपैकी याच संघाच्या विजेतेपदाची शक्यता सर्वांत जास्त आहे हे विधान बरोबर आहे. पण ‘सर्वांत जास्त’ याचा अर्थ ‘निम्म्याहून जास्त’ असा होत नाही. बाकीच्या तेरांपैकी प्रत्येकाची शक्यता कमी असली तरी त्या सर्वांची बेरीज या एका संघापेक्षा मोठी भरते. जानेवारीच्या आरंभी ‘हेच जिंकणार’ असे म्हणणारा माणूस योग्य संघ निवडतो आणि तरीही बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये प्रत्येक फेरी सात सामन्यांची मालिका असते आणि जो आधी चार सामने जिंकतो तो पुढे जातो. एका सामन्यात ७० टक्के शक्यता असलेल्या संघाची अशी मालिका जिंकण्याची शक्यता ८७ टक्क्यांच्या वर जाते. अशा तीन मालिका जिंकण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के होते. संघ तोच आणि सरसपणाही तोच, पण केवळ आराखडा बदलल्यामुळे विजेतेपदाची शक्यता जवळजवळ दुप्पट होते.

सामन्याच्या आतही हेच तत्त्व काम करते, आणि मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. बास्केटबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडूचा ताबा शंभरच्या आसपास वेळा येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये तो साधारण दहा ते बारा वेळाच येतो. कल्पना करा की एका बाजूला झुकलेले नाणे आहे आणि दर फेकीत बलवान संघ जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. असे नाणे अकरा वेळा फेकले तर दुबळा संघ चारांतून एकदा पुढे राहील. एकशे एक वेळा फेकले तर त्याला हे पन्नासांतून एकदाच साधेल. पुनरावृत्ती जितकी कमी, तितका नशिबाला वाव जास्त. म्हणून दुबळ्या पण हुशार संघाचा प्रशिक्षक सामना मुद्दाम लांबट, संथ आणि कमी ताब्यांचा करू पाहतो.

जायंट्सने २००८ मध्ये आरंभापासून हेच केले. त्यांचा पहिला ताबा १६ प्लेंचा, म्हणजे १६ प्रयत्नांचा, होता आणि तो ९ मिनिटे ५९ सेकंद चालला. सुपर बोलच्या इतिहासात इतका वेळ कोणत्याच ड्राइव्हने घेतला नव्हता. त्यातून त्यांना फक्त तीन गुण मिळाले, पण पंधरा मिनिटांच्या पहिल्या पर्वातील दहा मिनिटे ब्रेडी आणि मॉस मैदानाबाहेर उभे राहिले. पहिले पर्व संपले तेव्हा दोन्ही संघांना चेंडू एकेकदाच मिळाला होता. हंगामात सामन्याला सरासरी ३६ हून अधिक गुण करणाऱ्या संघाला मध्यंतरापर्यंत सातच गुण करता आले.

ही युक्ती पेट्रियट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना नवी नव्हती. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलमध्ये ते जायंट्सच्या बचावाची आखणी करत होते. त्या वेळी बफेलो बिल्सच्या वेगवान आक्रमणाला बाहेर ठेवण्यासाठी जायंट्सने साठपैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला होता आणि सामना २०-१९ असा जिंकला होता. सतरा वर्षांनी त्याच संघाने तोच मार्ग त्यांच्याविरुद्ध वापरला.

पण ताबे कमी केल्याने केवळ दार किलकिले होते. आत शिरण्यासाठी बलाढ्य संघाची एखादी खरी दुबळी जागा सापडावी लागते, आणि नेमक्या याच ठिकाणी ‘सगळे नशीब’ हे स्पष्टीकरण अपुरे पडते. पेट्रियट्सचे आक्रमण ब्रेडीला मिळणाऱ्या वेळेवर उभे होते. पूर्ण नियमित हंगामात तो फक्त २१ वेळा सॅक झाला होता. क्वार्टरबॅकवर दबाव आणण्याचा रूढ मार्ग म्हणजे ‘ब्लिट्झ’, अर्थात नेहमीच्या चारांऐवजी पाच-सहा जणांनी त्याच्यावर धाव घेणे. ब्रेडीविरुद्ध तो मार्ग आत्मघातकी होता, कारण धावून गेलेल्या माणसाने जी जागा मोकळी सोडली तेथे त्याचा पास क्षणात पोहोचत असे. जायंट्सच्या बचावाचे सूत्रधार स्टीव्ह स्पॅग्नुओलो यांच्याकडे मात्र असे चार खेळाडू होते, जे पाच जणांची बचावभिंत चौघांनीच फोडू शकत होते. जस्टिन टकला त्यांनी नेहमीच्या कडेच्या जागेवरून अनेकदा आत, मधल्या जागी आणले. तेथील अंगाने जड बचावपटूंना त्याचा वेग झेपेना. उरलेले सात खेळाडू मागे राहून मॉस आणि वेस वेल्कर यांच्यावर पहारा देऊ शकले. त्या सामन्यात ब्रेडी पाच वेळा सॅक झाला. पास सुटला तेव्हाही अनेकदा कोणीतरी त्याच्या अंगावर आदळलेले होते.

येथे आणखी एक तपशील लक्षात घ्यावा लागतो. याच दोन संघांत २९ डिसेंबर २००७ रोजी नियमित हंगामाचा शेवटचा सामना झाला होता आणि पेट्रियट्सने तो ३८-३५ असा जिंकला होता. निकाल जायंट्सच्या विरोधात गेला, पण पाच आठवड्यांनी पुन्हा गाठ पडली तेव्हा त्यांच्या हाती त्या सामन्याचे पूर्ण चित्रीकरण आणि ‘आपण यांच्या बरोबरीने खेळू शकतो’ हा अनुभव होता. मधल्या काळात त्यांनी टॅम्पा बे, डॅलस आणि ग्रीन बे येथे परक्या मैदानांवर तीन सामने जिंकले होते. हंगामाचा १०-६ हा आकडा फेब्रुवारीतल्या जायंट्सचे खरे वर्णन राहिलेला नव्हता.

तरीही नशिबाचा वाटा नाकारता येणार नाही. सामना संपायला २ मिनिटे ४२ सेकंद असताना पेट्रियट्सने १४-१० अशी आघाडी घेतली. जायंट्सच्या शेवटच्या ड्राइव्हमध्ये पेट्रियट्सच्या असान्टे सॅम्युएलच्या हातांना लागून एक पास निसटला. तो त्याने झेलला असता तर सामना तेथेच संपला असता. पुढच्याच प्लेमध्ये क्वार्टरबॅक इलाय मॅनिंग पेट्रियट्सच्या खेळाडूंच्या हातांत जर्सी अडकलेली असताना निसटला आणि त्याने मैदानाच्या मध्यभागी उंच पास फेकला. डेव्हिड टायरीने उडी मारून तो घेतला, रॉडनी हॅरिसनने हात हिसकला तेव्हा चेंडू एका हाताने स्वतःच्या शिरस्त्राणावर दाबून धरला आणि त्याच स्थितीत तो खाली पडला. चेंडू जमिनीला टेकला नाही. ३२ यार्ड मिळाले. संपूर्ण नियमित हंगामात टायरीने केवळ चार पास झेलले होते. ३५ सेकंद उरले असताना प्लॅक्सिको बरेसने निर्णायक टचडाऊन केला. जायंट्सच्या बचावफळीने सामना अटीतटीचा राखला हे त्यांचे कर्तृत्व होते, पण त्या अटीतटीतून कौल कोणाच्या बाजूने पडला यात दैवाचाही हात होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीसाठी दुसरी नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

रेव्हन्सचा पराभव याहून वेगळ्या जातीचा आहे. २०१९ मध्ये त्यांचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन सर्व मतांनी सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाने धावून मिळवलेल्या यार्डांचा ३,२९६ हा विक्रम केला. त्यांची पद्धत अशी होती की लवकर आघाडी घ्यायची आणि मग धावत धावत वेळ खाऊन प्रतिस्पर्ध्याला दमवायचे. सलग बारा सामने जिंकून ते ११ जानेवारी २०२० रोजी घरच्या मैदानावर टेनेसी टायटन्ससमोर उभे राहिले. टायटन्स ९-७ होते. आरंभीच्या ताब्यात जॅक्सनचा पास मार्क अँड्र्यूजच्या हातांवरून उडून प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला आणि त्यातून टायटन्सचा पहिला टचडाऊन झाला. दुसऱ्या पर्वात चौथ्या डाऊनला फक्त एक यार्ड हवा होता. त्यांनी जोखीम घेतली आणि जॅक्सन जागीच अडवला गेला. लगेचच्या प्लेमध्ये टायटन्सने ४५ यार्डांचा टचडाऊन पास पूर्ण केला. गुणफलक १४-० झाला.

हंगामभर हा संघ क्वचितच इतका मागे पडला होता. आता धावून वेळ खाणे परवडणारे नव्हते, म्हणून पास फेकणे भाग पडले. एरवी सामन्याला सरासरी २७ च्या आसपास पास फेकणाऱ्या जॅक्सनला त्या रात्री ५९ फेकावे लागले. तिसऱ्या पर्वात चौथ्या डाऊनला पुन्हा एक यार्ड हवा होता, पुन्हा तो मिळाला नाही, आणि त्यानंतर टायटन्सचा डेरिक हेन्री ६६ यार्ड धावत गेला. रेव्हन्सने एकूण ५३० यार्ड मिळवले आणि तरीही सामना १२-२८ असा गमावला. चौथ्या डाऊनचे त्यांचे चारही प्रयत्न फसले आणि चेंडू तीन वेळा गमावला गेला. टायटन्सच्या क्वार्टरबॅकने पास फेकून अवघे ८८ यार्ड मिळवले, पण त्यांच्याकडे आघाडी होती आणि हेन्री एकटाच १९५ यार्ड धावला. म्हणजे बाल्टिमोरची हंगामभराची पद्धत त्या रात्री टायटन्सने वापरली. एका विशिष्ट स्थितीसाठी घडवलेला संघ त्या स्थितीत अजिंक्य वाटतो. हंगामात त्याला नेहमी तीच स्थिती मिळत गेली, तर विरुद्ध स्थितीत तो कसा खेळेल हे कोणालाच ठाऊक नसते, त्याच्या प्रशिक्षकांनाही नाही.

टर्नओव्हरकडेही थोडे बारकाईने पाहायला हवे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो, त्यामुळे जमिनीवर पडल्यावर तो कोठे उसळेल हे सांगता येत नाही. चेंडू हातातून सुटू न देणे हे कौशल्य आहे. सुटलेला चेंडू कोणाच्या हाती लागतो हा मात्र बराचसा योगायोग असतो. १४ जानेवारी २००७ रोजी १४-२ अशी कामगिरी केलेले सॅन डिएगो चार्जर्स पेट्रियट्सविरुद्ध २१-१३ असे पुढे होते. शेवटच्या पर्वात पेट्रियट्सच्या चौथ्या डाऊनवर चार्जर्सच्या मार्लन मॅक्रीने ब्रेडीचा पास मधेच झेलला. त्याने तो नुसता खाली पाडला असता तरी चेंडू चार्जर्सनाच मिळाला असता. तो चेंडू घेऊन धावू लागला, ट्रॉय ब्राऊनने त्याच्या हातातून तो ओढून काढला आणि पेट्रियट्सनेच तो पुन्हा ताब्यात घेतला. पेट्रियट्सने तो सामना २४-२१ असा जिंकला. सतरा सामन्यांच्या हंगामात अशी एक घटना पुसली जाते, पण प्लेऑफमध्ये ती वर्षभराचे काम पुसते. जानेवारी २०२५ मध्ये लायन्सने, ज्यांनी त्या हंगामात सर्व संघांत सर्वाधिक ५६४ गुण केले होते, वॉशिंग्टन कमांडर्सविरुद्ध पाच वेळा चेंडू गमावला आणि ते ३१-४५ असे हरले. वॉशिंग्टनने तो एकदाही गमावला नाही. त्या लायन्सच्या बाबतीत दुखापतीही विसरता येत नाहीत. बचावातील त्यांचा सर्वांत प्रभावी खेळाडू एडन हचिन्सन ऑक्टोबरमध्येच पाय मोडल्याने बाहेर गेला होता आणि जानेवारीपर्यंत त्यांच्या बचावफळीतील अनेक मूळ खेळाडू मैदानाबाहेर होते. १५-२ ही नोंद ज्या संघाची होती तो संघ प्लेऑफमध्ये उतरलाच नव्हता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

नोंद आणि संघ यांतील अंतर दुसऱ्या प्रकारेही पडते. १५-१ किंवा १५-२ अशी कामगिरी करणारा संघ चांगला असतो यात शंका नाही, पण बहुधा तो सुदैवीही असतो. कारण चांगल्या संघांपैकी ज्यांना अटीतटीच्या सामन्यांत अनुकूल कौल मिळाला तेच या यादीत वर पोहोचतात. २०२४ चे कॅन्सस सिटी चीफ्स हे याचे ठळक उदाहरण होय. त्यांनी पंधरा सामने जिंकले, पण त्यांतले बरेच अगदी थोड्या फरकाने. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात रेव्हन्सच्या खेळाडूने शेवटच्या क्षणी टचडाऊनचा पास झेलला, पण त्याच्या बुटाचे टोक सीमारेषेवर पडले म्हणून चीफ्स जिंकले. नोव्हेंबरमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजचा शेवटच्या क्षणाचा ३५ यार्डांचा फील्ड गोल अडवून त्यांनी सामना १६-१४ असा वाचवला. हे दोन सामने उलटे गेले असते तर तोच संघ १३-४ असता आणि त्याला अजिंक्य कोणी म्हटले नसते.

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लीन्स येथे फिलाडेल्फिया ईगल्सने त्यांना ४०-२२ असे हरवले, आणि ते कसे हरवले हे पाहण्यासारखे आहे. क्वार्टरबॅकपुढच्या बचावभिंतीतील डावा गार्ड जो थुनी याला हंगामाच्या उत्तरार्धात कडेच्या अधिक अवघड जागेवर हलवावे लागले होते, कारण त्या जागेसाठी चीफ्सकडे भरवशाचा खेळाडू नव्हता. ईगल्सच्या बचावाचे सूत्रधार विक फँजिओ यांनी संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. चारच जणांनी धाव घेतली, सात जण मागे राहिले, आणि चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स सहा वेळा सॅक झाला. मध्यंतराला चीफ्स ०-२४ असे मागे होते आणि त्यांनी एकूण २३ यार्ड मिळवले होते. समोरच्या बाकावर चीफ्सच्या बचावाचे सूत्रधार म्हणून उभे होते स्टीव्ह स्पॅग्नुओलो, ज्यांनी सतरा वर्षांपूर्वी ब्रेडीला याच पद्धतीने बांधून ठेवले होते. येथे नशिबाची चर्चा करण्यात अर्थ नाही. हंगामातील थोड्या फरकाच्या विजयांनी जी उणीव झाकली होती ती एका समर्थ संघाने उघडी केली.

आता त्या ‘दडपणा’च्या मुद्द्याकडे येऊ. दडपण खोटे नसते. १७ जानेवारी १९९९ रोजी वायकिंग्ज अटलांटा फाल्कन्सविरुद्ध २७-२० असे पुढे होते आणि दोनच मिनिटे उरली होती. गॅरी अँडरसन ३८ यार्डांवरून फील्ड गोल मारायला आला. नियमित हंगामात त्याने ३५ पैकी ३५ फील्ड गोल यशस्वी केले होते. सामना छताखालच्या मैदानावर होता, म्हणजे वाऱ्याचाही प्रश्न नव्हता. चेंडू डाव्या खांबाच्या बाहेरून गेला, फाल्कन्सने बरोबरी केली आणि अतिरिक्त वेळेत ३८ यार्डांवरूनच फील्ड गोल मारून सामना ३०-२७ असा जिंकला. अँडरसनच्या मनात त्या क्षणी काय चालले होते हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही. पण कितीही अचूक माणूस कधीतरी चुकतोच, आणि ती चूक नेमकी कोणत्या दिवशी पडते यावरून त्याच्या मनोबलाचा निवाडा करणे मला अन्यायाचे वाटते. प्रशिक्षक अँडी रीड यांच्याविषयी अनेक वर्षे असेच म्हटले जाई की त्यांना मोठे सामने जिंकता येत नाहीत. फेब्रुवारी २०२० पासून त्यांनी तीन सुपर बोल जिंकले. त्यांचा स्वभाव साठीत बदलला असे मानण्यापेक्षा तो निष्कर्षच आधी चुकीचा होता असे मानणे अधिक रास्त आहे.

विश्रांतीमुळे संघ गंजतो, हेही एक आवडते स्पष्टीकरण आहे. २०११ मध्ये पॅकर्सनी क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला शेवटच्या नियमित सामन्यात बसवले, २०१९ मध्ये रेव्हन्सनी जॅक्सनला बसवले आणि दोन्ही संघ विश्रांतीनंतरचा पहिलाच सामना हरले, हे खरे आहे. पण २०१३ ते २०१७ या पाचही हंगामांचे विजेते आपापल्या गटातील पहिल्या मानांकनाचेच संघ होते, आणि त्या सर्वांनी तीच विश्रांती घेतली होती. हरलेल्या संघांपुरते पाहिले की गंज दिसतो. जिंकलेल्यांकडे पाहिले की त्याच गोष्टीला ताजेतवाने होणे म्हटले जाते.

मग लीग प्लेऑफमध्येही मालिका का खेळवत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे उत्तर शरीराच्या मर्यादेत आहे. शंभर-सव्वाशे किलो वजनाची माणसे दर प्लेला एकमेकांवर आदळतात, आणि दोन सामन्यांत साधारण आठवड्याचे अंतर नसेल तर खेळाडू सावरत नाहीत. तीन सामन्यांची मालिका म्हटली तरी एकेका फेरीला तीन आठवडे लागतील, आणि शेवटच्या फेरीपर्यंत मैदानात उतरण्याजोगे किती जण उरतील हा प्रश्नच आहे. उलट लीगने नियमित सामन्यांची संख्या वाढवतच नेली आहे. नियमित हंगाम आणि प्लेऑफ मिळून एकही सामना न गमावता विजेता ठरलेला एनएफएलचा एकमेव संघ म्हणजे १९७२ चे मायामी डॉल्फिन्स. त्यांना त्यासाठी चौदा नियमित आणि तीन प्लेऑफचे असे सतरा सामने जिंकावे लागले. आज पहिले मानांकन मिळवणाऱ्या संघाला त्यासाठी वीस सामने जिंकावे लागतील. दहापैकी नऊ सामने जिंकू शकणाऱ्या, म्हणजे आजवरच्या जवळजवळ कोणत्याही संघापेक्षा सरस अशा संघालाही हे आठ हंगामांतून एकदाच साधेल.